स्कोअर −९.८ आला, पण रेणू पडद्यापर्यंत पोचणार कसा?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने औषधी वनस्पतींमधली तीनेकशे संयुगं निवडून अल्डोज रिडक्टेज आणि व्हीईजीएफआर-२ या दोन प्रथिनांवर ऑटोडॉक व्हिना या संगणकप्रणालीने डॉकिंग केलं, म्हणजे प्रत्येक रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर ताडून पाहिलं. स्कोअर जितका जास्त उणे तितकी पकड घट्ट, असं मानतात. अल्डोज रिडक्टेजवर रुटिनचा स्कोअर −९.८ आला, कर्क्युमिनचा −९.१, आणि तुलनेला घेतलेलं माहितीतलं औषध या दोघांच्या मागे पडलं. यातून मधुमेहामुळे होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर औषध निघेल का, आणि आता पुढे काय करावं, असं ती विचारते. शेवटी एक घरचा प्रश्नही आहे. वडिलांना हाच आजार आहे. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलंय, पण ते हळदीच्या कॅप्सूलवर थांबू पाहतायत, आणि मुलीचे निकाल ऐकून त्यांना आणखीच धीर आलाय.

आधी वडिलांबद्दल लिहितो. थिसिस थांबू शकतो, ते थांबू शकत नाही. इंजेक्शन पुढे ढकलू नका. मधुमेहात पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात, मध्यभागी मॅक्युलात पाणी साठतं आणि नेमकी वाचायची, चेहरे ओळखायची नजर जाते. या गळतीमागे व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो (पेशीवरच्या ज्या ग्राहीला ते चिकटतं तो व्हीईजीएफआर-२). रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब ही औषधं त्यालाच पकडून निकामी करतात. या तिघांची तुलना करणारी अमेरिकेतली मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णांना पहिल्या वर्षी साधारण ९ ते १० इंजेक्शनं लागली होती. म्हणजे एका इंजेक्शनवर भागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असलेलं बरं. अर्ध्यात सोडलं तर पाणी पुन्हा साठतं. खर्चाची काळजी असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती २०१५ पासून मिळते, आणि बेव्हासिझुमॅबचा पर्यायही असतो.

हळदीच्या कॅप्सूलबद्दलही स्पष्ट सांगतो. भाजी-आमटीतली हळद खुशाल खाऊ द्या. कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात कर्क्युमिन कित्येक पटींनी एकवटलेलं असतं आणि बहुतेक वेळा मिऱ्यातलं पिपरीन घातलेलं असतं. पिपरीन घालतात त्याला कारण आहे. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर माणसाच्या रक्तात शोषलं जाणारं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढतं. आकडा मोठा वाटतो, पण मुळात जे जवळजवळ शून्य आहे ते वीसपट झालं तरी थोडंच राहतं. शिवाय पिपरीन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणाही मंदावतं, त्यामुळे वडिलांच्या बाकीच्या गोळ्यांची रक्तातली पातळी बदलू शकते. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. ते कॅप्सूल घेतायत हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे. आणि तुम्ही त्यांना स्वतः सांगा, "बाबा, माझा आकडा तुमच्या डोळ्याबद्दल काहीच सांगत नाही." हे दुसऱ्या कोणी सांगून त्यांना पटणार नाही.

आता कामाकडे. मी पुण्यात औषधरचनेच्या संगणकीय बाजूला बरीच वर्षं आहे, आणि या विषयावरचे थिसिस दर उन्हाळ्यात वाचतो. तुमचा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये पडद्याचा आजार साधारण १२.५ टक्के आणि दृष्टी जाण्याच्या पायरीला पोचलेला ४ टक्के, असं २०२२ च्या देशव्यापी अभ्यासात दिसलं. एवढ्या माणसांना महिन्या-दोन महिन्यांनी रेटिना तज्ज्ञाकडे नेऊन डोळ्यात सुई टोचणं हे पुण्यासारख्या शहरातही जड जातं, मग वेल्हे-भोरच्या आतल्या गावांची गोष्टच सोडा. लहान रेणूचं, वर्षातून एखाद्या वेळी द्यावं लागणारं किंवा गोळीने घेता येणारं औषध हवंच आहे. म्हणून तुमच्या तक्त्याची चिकित्सा मी जरा कडक करणार आहे.

पहिल्यांदा तो −९.८. डॉकिंगचा स्कोअर म्हणजे रेणू प्रथिनाच्या पोकळीत किती घट्ट बसेल याचा झटपट अंदाज. खोलीच्या तापमानाला दर १.३६ किलोकॅलरीला बंधाची ताकद दहापट बदलते. त्या हिशेबाने −९.८ म्हणजे साधारण ६५ नॅनोमोलर, ऐकायला झकास (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट; हजार नॅनोमोलर म्हणजे एक मायक्रोमोलर). पण व्हिनाच्या कर्त्यांनी २०१० साली स्वतःच प्रमाणित चूक सांगितली होती, ती २.८५ किलोकॅलरीच्या आसपास आहे. म्हणजे वर आणि खाली शंभरपटीहून जास्त. तुमच्या रुटिनची खरी ताकद अर्ध्या नॅनोमोलरपासून आठ मायक्रोमोलरपर्यंत कुठेही असू शकते, आणि ही मर्यादाही एका प्रमाणित चुकीचीच. मग −९.८ आणि −९.१ यांत पहिला-दुसरा नंबर लावण्यात काय अर्थ आहे? तुमच्या थिसिसमधलं "रुटिन हे कर्क्युमिनपेक्षा प्रभावी" हे वाक्य काढून टाका. त्याला आधार नाही.

रुटिन वर का आलं, हे बघण्यासारखं आहे. रुटिन म्हणजे क्वेर्सेटिनला दोन साखरा जोडलेल्या. त्यात हायड्रोजन सोडून ४३ अणू आहेत, क्वेर्सेटिनमध्ये २२. डॉकिंगच्या सूत्रात प्रत्येक जवळच्या स्पर्शाला गुण मिळतात, त्यामुळे रेणू जितका मोठा तितकी बेरीज मोठी. तुमच्याच तक्त्यात क्वेर्सेटिन −८.६ वर आहे. अणूंनी भागा. रुटिनला दर अणूमागे ०.२३ मिळतात, क्वेर्सेटिनला ०.३९. औषधरसायनात सुरुवातीच्या रेणूकडून साधारण ०.३ ची अपेक्षा असते. म्हणजे दोन्ही साखरा जागा अडवतात, बंधाला फारसं देत नाहीत. त्यात व्हिना वलयांचा आकार बदलून बघत नाही, साखरेच्या वलयाचा जो आकार तुम्ही फाइलमध्ये दिलात तोच शेवटपर्यंत ताठ राहतो. आणि मुख्य म्हणजे तोंडावाटे घेतलेलं रुटिन रुटिन म्हणून रक्तात जवळजवळ दिसतच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्या साखरा तोडतात, उरलेलं क्वेर्सेटिन आतड्यात आणि यकृतात ग्लुकुरोनाइड नाहीतर सल्फेट होऊन फिरतं. ज्याचं डॉकिंग केलं तो रेणू डोळ्यापर्यंत जातच नाही, जातो तो त्याचा नातेवाईक. वनस्पतींवरच्या बहुतेक थिसिसांमध्ये ग्लायकोसाइड, म्हणजे असे साखर जोडलेले रेणू, पहिल्या पाचात असतात. ते याचमुळे.

अल्डोज रिडक्टेजच्या मांडणीत आणखी एक गोष्ट तपासा. तुम्ही प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली १यूएस० या क्रमांकाची रचना घेतली आहे. निवड उत्तम आहे, ०.६६ अँगस्ट्रॉमची इतकी स्वच्छ रचना फार थोड्या प्रथिनांची मिळते. पण प्रथिन तयार करताना पाणी आणि "बाकी सगळं" पुसून टाकलं असं तुम्ही लिहिलंय. त्या बाकी सगळ्यात एनएडीपी होता. तो सहविकर याच एन्झाइमचा भाग आहे, त्याच्याशिवाय क्रिया होत नाही, आणि बांधायची पोकळी त्याच्या डोक्यावरच आहे. तो काढला की तिथे मोठी रिकामी खोबण तयार होते आणि रुटिनसारखा लांबलचक रेणू तिच्यात ऐसपैस बसून भरपूर गुण मिळवतो. तुमचं चित्र बघा. रेणूचा एखादा टोकाचा गट टायरोसिन-४८, हिस्टिडिन-११० आणि ट्रिप्टोफॅन-१११ या तिघांच्या जवळ आहे का? खरे अडथळा करणारे रेणू आपला ऋणभारित गट तिथेच टेकवतात. नसेल तर −९.८ हा एनएडीपीच्या रिकाम्या जागेचा स्कोअर आहे. सहविकर परत ठेवून सगळं पुन्हा चालवा. लॅपटॉपवर एका रात्रीत होईल.

मग रचनेतला मूळ रेणू काढून पुन्हा डॉक करा. तो स्फटिकातल्या जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर मांडणी किमान धड आहे असं म्हणायचं. पण एवढ्यावर थांबू नका, कारण अल्डोज रिडक्टेजची पोकळी लवचिक आहे. १यूएस० मध्ये बाजूचा एक कप्पा उघडा आहे, सॉर्बिनिल हा या एन्झाइमला रोखणारा जुना रेणू बसलेला असताना तो मिटलेला असतो. दोन्ही रूपांवर डॉकिंग करा. आणि खरी परीक्षा घ्यायची असेल तर डीयूडी-ई या संचात हे प्रथिनही आहे आणि व्हीईजीएफआर-२ ही आहे. प्रत्येक ज्ञात सक्रिय रेणूमागे त्याच्यासारखेच वजनाचे, भाराचे पण निष्क्रिय मानलेले सुमारे ५० रेणू तिथे दिलेले असतात. तुमची मांडणी सक्रिय रेणूंना वर आणते का ते आधी बघा. आणत नसेल तर वनस्पतींची यादी तिच्यातून चालवण्यात वेळ घालवू नका. या संचालाही दोष आहेत, तरी काहीच न तपासण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

१०० नॅनोसेकंदांची मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंची हालचाल संगणकावर चालवून बघणं) करून "बंध स्थिर आहे" असं लिहिण्याची आता रीतच पडली आहे. १०० नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग. तेवढ्यात कमकुवत रेणूही जागेवरून हलत नाही. करायचीच असेल तर एखाद्या निष्क्रिय रेणूचीही तितकीच करा आणि दोन्ही आलेख शेजारी छापा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लिहायला बसलो ती. पडद्याच्या आजारात रेणू प्रथिनात बसतो का, हा प्रश्न नंतरचा आहे. पडद्यापर्यंत पोचतो का आणि किती वेळ टिकतो, हा आधीचा. थेंब टाकले तर डोळ्याच्या पुढच्या भागातच जेमतेम पाच टक्क्यांच्या आत औषध शिरतं, मागच्या पडद्यापर्यंत त्याहून फारच कमी. तोंडावाटे दिलं तर आतडं आणि यकृत ओलांडून जे उरतं त्याच्यापुढे रक्त आणि पडदा यांच्यामधला अडथळा उभा असतो. आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या पेशी घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात, बाहेरच्या बाजूला रंगद्रव्याच्या पेशींचा थर असतो, आणि दोन्हीकडे बाहेर ढकलणारे पंप. दारुहळदीतलं बर्बेरिन घ्या. आपल्याकडे रसांजन डोळ्यांसाठी जुन्या काळापासून सांगितलेलं आहे, म्हणून प्रत्येक यादीत ते असतं. पण त्याच्या नायट्रोजनावर कायमचा धनभार आहे, तोंडावाटे दिलं तर रक्तात नगण्य प्रमाणात पोचतं. व्हिनाला हे काहीच दिसत नाही.

उरतो तिसरा मार्ग, थेट डोळ्यात. इथे हिशेब करूनच बघू, कारण याच हिशेबाने तुमची यादी बदलेल. डोळ्यातल्या काचरसाचं आकारमान साधारण ४ मिलिलिटर. रेणूभार ४०० असलेला तुमचा रेणू तिथे १ मायक्रोमोलर पातळीला ठेवायचा तर कोणत्याही क्षणी १.६ मायक्रोग्रॅम हवा. किरकोळ वाटतं. पण लहान रेणू काचरसातून काही तासांत निघून जातात. अर्धं होण्याचा काळ ५ तास धरला, तर दिवसाला ५.३ मायक्रोग्रॅम भरत राहावं लागतं. सहा महिन्यांचे झाले जवळपास १ मिलिग्रॅम. आता डोळ्यात टोचायच्या सांडग्याएवढ्यासुद्धा नसलेल्या रोपणात किती मावतं? डेक्सामेथासोनचं जे रोपण २००९ पासून वापरात आहे त्यात ०.७ मिलिग्रॅम औषध असतं. तुमच्या रेणूची अर्धी क्रिया रोखणारी पातळी १ मायक्रोमोलर असेल तर भरवशाच्या परिणामासाठी तिच्या दहापट पातळी धरावी लागेल, म्हणजे १० मिलिग्रॅम. ते मावत नाही. तीच पातळी १० नॅनोमोलर असेल तर दहापट धरूनही ०.१ मिलिग्रॅममध्ये भागतं.

बहुतेक फ्लॅव्होनॉइडांची, म्हणजे क्वेर्सेटिनच्या कुळातल्या रेणूंची, ताकद मायक्रोमोलरमध्ये असते. म्हणजे ती जशीच्या तशी औषध होण्याची शक्यता फार थोडी, आणि तुमच्या तक्त्यातून "औषध" नाही तर "सुरुवातीचा सांगाडा" शोधायचा आहे, ज्यावर रसायनशास्त्रज्ञ पुढे काम करून ताकद शंभरपट वाढवू शकेल. मग निवडीचे निकषच बदलतात. लहान, कमी साखरेचा, अणूमागे चांगले गुण मिळवणारा, जिथे नवा गट जोडता येईल अशी मोकळी जागा असलेला रेणू हवा. रुटिन नको, क्वेर्सेटिनचा चुलतभाऊ चालेल. आणि पाण्यात न विरघळणं, जे गोळीसाठी दुर्गुण मानलं जातं, ते रोपणात उलट कामाचं ठरतं, कारण हळू विरघळणारा खडा जास्त दिवस पुरतो. तुम्ही विद्राव्यतेच्या चाळणीत जे रेणू फेकून दिलेत त्यांच्याकडे पुन्हा बघा.

हा मार्ग कल्पनेतला नाही. अ‍ॅक्सिटिनिब आणि व्होरोलानिब हे व्हीईजीएफआर-२ रोखणारे लहान रेणू डोळ्यात हळूहळू सुटणाऱ्या रोपणाच्या रूपात तिसऱ्या टप्प्याच्या मानवी चाचण्यांपर्यंत गेले आहेत. अ‍ॅक्सिटिनिब मुळात मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गोळी. गोळीने सगळ्या शरीरातला व्हीईजीएफआर-२ रोखला की रक्तदाब चढतो, मधुमेह्याला ते परवडणारं नाही, म्हणून डोळ्यातल्या डोळ्यात. त्याची ताकद एका नॅनोमोलरच्याही खाली आहे, म्हणूनच इवल्याशा रोपणात महिनोन्‌महिने भागतं. तुमच्या वनस्पतीच्या रेणूला याच्याशी बरोबरी करायची आहे. व्हीईजीएफआर-२ साठी ४एएसडी ही सोराफेनिब हे कर्करोगाचं औषध बसलेली रचना वापरली असेल तर लक्षात ठेवा, ते प्रथिनाचं निष्क्रिय, मागचा कप्पा उघडलेलं रूप आहे. चपटे फ्लॅव्होनॉइड सहसा पुढच्या बिजागरीपाशी, सिस्टिन-९१९ जवळ बसतात. सक्रिय रूपाची रचनाही घ्या. आणि काही जण करतात तसं व्हीईजीएफ या मूळ प्रथिनावरच डॉकिंग करायचा मोह टाळा. ग्राहीला चिकटणारा त्याचा पृष्ठभाग सपाट, पसरट आहे, लहान रेणूला धरायला तिथे खाच नाही. अँटिबॉडीला जमतं ते तिच्या आकारामुळे.

अल्डोज रिडक्टेजचा इतिहासही थिसिसच्या प्रस्तावनेत प्रामाणिकपणे यायला हवा. साखर वाढली की हे एन्झाइम ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करतं, त्यातून पेशींना इजा होते, हे तर्काला धरून आहे. पण सॉर्बिनिलची पडद्याच्या आजारावरची मोठी चाचणी १९९० साली प्रसिद्ध झाली तेव्हा आजाराच्या वाढीवर म्हणावा असा फरक पडला नव्हता आणि काहींना तीव्र अ‍ॅलर्जी झाली होती. एपाल्रेस्टॅट भारतात मिळतं, ते नसांच्या त्रासासाठी. म्हणजे या प्रथिनाला रोखणारा रेणू सापडला तरी डोळा वाचेल हे अजून सिद्ध व्हायचंय. दोनांपैकी एकच प्रथिन ठेवायचं तर मी व्हीईजीएफआर-२ ठेवेन.

वनस्पतीतून आलेला रेणू पडद्यावर काम करू शकतो का, तर हो. उदाहरण दसऱ्याला मार्केट यार्डात ढिगाने येतं. झेंडूच्या पाकळ्यांतून व्यापारी प्रमाणावर काढलं जाणारं ल्युटीन आपल्या मॅक्युलात असतंच, शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, अन्नातूनच मिळतं. २०१३ साली आलेल्या एरेड्स-२ चाचणीनंतर वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या आजाराच्या पूरक गोळीत बीटा-कॅरोटीन जाऊन १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन आलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनचा धोका होता. ही गोळी वडिलांच्या आजारासाठी नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. ल्युटीन तिथे पोचतं कारण त्याला वाहून नेणारी आणि धरून ठेवणारी प्रथिनं शरीरात आहेत. दुसऱ्या बाजूला सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन जास्त झालं तर पडद्याला इजा करून आंधळेपण आणतं, आणि डिजिटॅलिसमधल्या डिगॉक्सिनची मात्रा वाढली की सगळं पिवळं दिसायला लागतं. "वनस्पतीजन्य असल्याने सुरक्षित" हे तुमच्या सारांशातलं वाक्यही म्हणूनच जाऊ द्या.

पुढची पायरी प्रयोगशाळा. तिथे वनस्पतीची संयुगं फसवतात, हे आधी माहीत हवं. अल्डोज रिडक्टेजची नेहमीची चाचणी अशी: ग्लिसराल्डिहाइड द्यायचं, एनएडीपीएच खर्च होत जातो, आणि ३४० नॅनोमीटरला शोषण किती घटतं ते मोजायचं. घट मंदावली तर रेणूने एन्झाइम रोखलं. पण क्वेर्सेटिन पिवळं असतं, ते स्वतःच त्याच पट्ट्याच्या आसपास प्रकाश शोषतं. क्युव्हेटमध्ये तुमचा रेणू घातल्याबरोबर आकडा वर उडी मारतो आणि त्या गोंधळात मंदावलेली क्रिया दिसल्यासारखी वाटते. एन्झाइमशिवाय फक्त रेणू आणि एनएडीपीएच अशी कोरी चाचणी प्रत्येक पातळीला घ्या. दुसरी फसवणूक म्हणजे गुठळ्या. मायक्रोमोलर पातळीला असे रेणू एकमेकांना चिकटून कलिल कण बनवतात आणि ते कण कोणतंही एन्झाइम अडकवून ठेवतात. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून तीच चाचणी पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर तो रेणूचा नव्हता, गुठळीचा होता. कर्क्युमिन तर या सगळ्यात आघाडीवर आहे. शरीराच्या सामूला काही मिनिटांत मोडतं, प्रथिनांशी रासायनिक बंध करतं, स्वतः चमकतं. २०१७ साली औषधरसायनाच्या एका मोठ्या आढाव्याने शंभराहून जास्त मानवी चाचण्यांकडे बघून म्हटलं होतं, की दुहेरी अंध, प्लासिबोशी तुलना केलेल्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरलेलं नाही. तुमच्या यादीतून ते वगळा. गाईड नाराज झाले तर हा आढावा त्यांच्यापुढे ठेवा. ब्रोकोलीतलं सल्फोराफेनही वगळा. ते केप-१ प्रथिनाच्या सिस्टिनला पक्कं जोडलं जाऊन काम करतं, साध्या डॉकिंगने त्याच्याबद्दल काही कळत नाही.

पेशींवर जाल तेव्हा एआरपीई-१९ पेशी सगळीकडे मिळतात म्हणून त्याच घेऊ नका. त्या पडद्यामागच्या रंगद्रव्य थराच्या, आणि तुमचा प्रश्न रक्तवाहिन्यांचा आहे. माणसाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तर पेशी विकत मिळतात, महाग असतात, पण व्हीईजीएफ दिल्यावर त्यांच्या थरातून गळती किती होते ही मोजणी तुमच्या प्रश्नाला धरून आहे.

उरलेल्या महिन्यांत मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेच्या इम्पॅट या संग्रहाची दुसरी आवृत्ती घ्या. तिच्यात ४,०१० भारतीय औषधी वनस्पतींमधली १७,९६७ संयुगं आहेत, वनस्पतीच्या कोणत्या भागात काय सापडतं तेही दिलेलं आहे. स्वतः पबकेम या रसायनांच्या संग्रहातून एकेक उतरवलेल्या तीनशेपेक्षा हे किती तरी चांगलं. साखरा जोडलेले आणि रेणूभार ४५० च्या वरचे बाजूला काढा. उरलेल्यांचे सामू ७.४ ला कोणते भार असतात ते ठरवून, ज्यांची त्रिमिती दिशा नक्की माहीत आहे तेच ठेवा. परखलेल्या मांडणीतून, प्रथिनाच्या दोन-तीन रूपांवर चालवा. वरचे शंभर आपल्या डोळ्यांनी संगणकाच्या पडद्यावर फिरवून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मे रेणू तिथेच गळतात आणि तिथेच माणूस शिकतो. एवढ्यासाठी आयसरच्या परम ब्रह्म या महासंगणकावर वेळ मिळवायची गरज नाही, विभागातला एखादा बरा संगणक पुरतो. शेवटी दहा-बारा रेणू निवडा, त्यात दोन मुद्दाम वाईट स्कोअरचे घाला, आणि नावं झाकून चाचणी करणाऱ्याच्या हातात द्या.

ते रेणू शुद्ध रूपात विकत घ्या. मंडई-तुळशीबागेच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मुळ्या आणून अर्क काढायच्या फंदात आत्ता पडू नका. दारुहळद म्हणून बर्बेरिसही मिळतं आणि कॉसिनियमही, दोन्ही पिवळी, दोन्हीत बर्बेरिन, बाकी सगळं वेगळं. कधी अर्क करायचाच झाला तर फुलाफांदीसकट नमुना वाळवून आघारकर संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात किंवा कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात ओळख पटवून घ्या आणि नमुना क्रमांक थिसिसमध्ये छापा.

थिसिसच्या नावातून "प्रभावी औषध" काढा आणि "प्रायोगिक चाचणीसाठी निवडलेली संयुगं" असं लिहा. परिशिष्टात डॉकिंगच्या चौकटीचे निर्देशांक, रँडम सीड, एक्झॉस्टिव्हनेस, प्रथिनाची तयार केलेली फाइल आणि सगळ्या रेणूंचे स्कोअर द्या, वरच्या दहांचेच नाही. पुढच्या वर्षी विभागात येणाऱ्या मुलीला त्यातले नापास झालेले रेणू जास्त उपयोगी पडतील. आणि या शनिवारी वडिलांबरोबर रेटिना तज्ज्ञाकडे तुम्ही स्वतः जा. ओसीटीचा (पडद्याच्या थरांच्या स्कॅनचा) अहवाल हातात घेऊन पाणी कुठे साठलंय ते दाखवायला सांगा, दुसऱ्या डोळ्याचंही विचारा, आणि कॅप्सूलची बाटली बरोबर न्या.